गांबियाचं सरकार विचारतंय, ही मुलगी कोण

पार्सिपनी, न्यू जर्सी
भाऊबीजेनंतरचा रविवार, १९८६

ती. अक्का,

सुमित्राचा नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे वाकता येईल तेवढी वाकले, उरलेला नमस्कार उभ्यानं घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? मी मागे कळवलेलं तेल चोळता, की बाटली फडताळात ठेवून नुसती तिच्याकडे बघता? (मला ठाऊक आहे. बघता.) म्हैस आटली की अजून देते? शेजारच्या कांचनचं लग्न जमलं का? जमलं नसेल तर तिच्या आईला सांगा, अमेरिकेतला मुलगा नको म्हणावं. इथली मुलं मी रोज बघते. भांडी घासतात एवढीच एक जमेची बाजू, आणि तीही मशीनमध्ये घालून.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे कुणीच धड नाही. मृणालिनीला सर्दी, मला कंबर, आणि तुमच्या भावाचं काय झालंय ते सांगण्यासाठीच हे पत्र. घाबरू नका, दवाखान्यातलं काही नाही. त्यांनी तुमचं चित्र काढून आफ्रिकेतल्या एका सरकारला पाठवलं आहे, एवढंच. आता खाली बसा, हवा तर चहा करून घ्या, कारण पत्र लांब होणार. मी चौथी शिकलेली बाई, मला थोडक्यात लिहिता येत नाही. थोडक्यात लिहायला शिक्षण लागतं.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात यांची नोकरी गेली. तुम्हाला कळवलं नाही, कारण हे म्हणाले, अक्काला कळवू नकोस. मी सहसा यांचं ऐकत नाही, पण त्या दिवशी तोंडाकडे बघितलं आणि ऐकलं. इकडे नोकरी जाते ती भांडून, टेबल आपटून जात नाही हो. साहेब हसतहसत आत बोलावतो, हात हातात घेतो, तुमच्याबरोबर काम करताना फार आनंद झाला म्हणतो, आणि संध्याकाळी माणूस टेबलावरचे फोटो एका खोक्यात घालून घरी येतो. (त्या खोक्यात मी आता कांदे ठेवते. चांगलं जाड आहे.) जन्मभर पंपांची ड्रॉइंगं काढली, आणि आता कंपनीला पंप नकोत, कॉम्प्युटरवाली पोरं हवीत. इथल्या मराठी मंडळातले लोक भेटले की विचारतात, सध्या कन्सल्टिंग करताय का? इकडे घरी बसलेल्या माणसाला तसं म्हणायची पद्धत आहे. हे नुसतं हं म्हणतात. मग हळूहळू हे मंडळात यायचे बंद झाले. मग जेवताना बोलायचे बंद झाले. मग दाढी. शेवटी घराखाली बेसमेंट असतं, म्हणजे तळघर, तिथं जाऊन बसायला लागले. मी वरून हाक मारायची, हे खालून हं म्हणायचे. असा आमचा संसार चालला होता, दोन मजल्यांवर.

एक दिवस खालून ठोकाठोक ऐकू आली. मी म्हटलं, चला, आता वेड लागलं. खाली जाऊन बघते तर सायकलची साखळी, कुणीतरी रस्त्यावर टाकलेल्या वॉशिंग मशीनचं रबर, माझी पुरणाची चाळणी (नवी होती, कराडहून आणलेली, तिला मधोमध भोक पाडलं होतं) आणि यांच्या तोंडात तीन खिळे. हे काय म्हणून विचारलं, तर खिळे काढून म्हणाले, शेंगा फोडायचं मशीन. या देशात कुणाला शेंगा फोडायच्या आहेत, डबा उघडला की खारवलेले दाणे मिळतात. तसं मी म्हटलं. चाळणीबद्दलही बरंच म्हटलं. हे रबर घासत राहिले, आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, बियाण्याच्या शेंगा हातानंच फोडाव्या लागतात. मशीनमध्ये दाण्याचं साल निघतं, मग तो उगवत नाही. अक्काच्या अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या असायच्या.

तेवढंच बोलले. पण अक्का, एवढ्या वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. तुम्ही पेढीवर शेंगा फोडायला जात होतात हे ऐकून होते, चिंध्यांचं माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोलला नाहीत, यांनीही कधी सांगितलं नाही. तुम्हा भावंडांना तोंड देवानं फक्त जेवायला दिलंय. मी चाळणीबद्दल पुढं काही बोलले नाही. (दुसरी मात्र हवीच आहे. मंडळातल्या सुलभाची आई येणार आहे, तिच्याबरोबर पाठवाल का? पितळी नको, स्टीलची.)

मग शेंगा शोधायची पाळी आली. इकडे सालासकट कच्च्या शेंगा किराणा दुकानात मिळत नाहीत. मिळतात त्या बागकामाच्या दुकानात, पोत्यानं, आणि त्या असतात खारींसाठी! हो. इथं लोक खारींना शेंगा विकत घेऊन घालतात. आपण खारीला दगड मारतो. आम्ही गेलो, एक पोतं घेतलं. आठवड्यानं गेलो, दोन घेतली. तिसऱ्या खेपेला तो दुकानवाला म्हातारा प्रेमानं म्हणाला, तुमच्याकडे फारच खारी दिसतात. तुमचा भाऊ म्हणजे खोटं बोलायचं नाही हे व्रत, तो त्याला मशीन समजावून सांगायला लागला. मागं रांग लागली. मी मध्ये पडले आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं, येस, मेनी खारी. म्हाताऱ्याला पटलं.

फोडलेले दाणे टाकून थोडेच द्यायचे? वर्षभर आमच्या घरी कूट, दाण्याची चटणी, दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू, उसळीत दाणे, पोह्यात पोह्यांपेक्षा दाणे. मृणालिनीच्या मैत्रिणीला दाण्यांची ॲलर्जी आहे, ती आमच्या दारातूनच हात हलवते. मंडळात मी डबा घेऊन गेले की बायका झाकण उघडायच्या आधीच, वा, दाण्याचं का, म्हणतात. म्हणू देत. मशीन मात्र झालं हो अक्का. हँडल फिरवलं की टरफल एकीकडे, दाणा दुसरीकडे, आणि दाण्याच्या लाल सालीला ओरखडा नाही. मी स्वतः मूठभर दाणे कुंडीत लावून बघितले. सगळे उगवले. खारींनी खाल्ले ते सोडून.

आता या शोधाचं पेटंट घ्यायचं ठरलं. पेटंट म्हणजे हे मीच पहिल्यांदा केलं असा सरकारी दाखला. अर्ज केला, वाट बघितली, आणि उत्तर आलं की शंभर वर्षांपूर्वी इथल्याच कुणा माणसानं असंच मशीन केलं होतं. सोबत त्याचं चित्रही पाठवलं. तंतोतंत हो! रबराच्या जागी चामडं, बाकी सगळं तेच, हँडलसुद्धा त्याच बाजूला. मी म्हटलं, तो मेला असेल, त्याला आता कशाला हव्यात शेंगा? पण तसं नसतं म्हणे. मशीन खुशाल बनवा, विका, फक्त माझा शोध म्हणू नका. हे दिवसभर ते चित्र हातात घेऊन बसले होते. म्हणाले, ड्रॉइंग सुरेख काढलंय त्यानं. मला त्या मेलेल्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू!

इथं नरेंद्र कुलकर्णी आले नसते तर हे पुन्हा खाली जाऊन बसले असते आणि बहुधा वर आलेच नसते. नरेंद्र म्हणजे आमच्या मंडळाचे खजिनदार, शेतीखात्यातले, गप्पिष्ट. ते कामानिमित्त आफ्रिकेत गांबिया नावाच्या देशात राहून आलेत. मृणालिनीनं नकाशात दाखवला, मला आधी वाटलं छपाईत रेघ उमटलीय. एक नदी, तिचे दोन काठ, संपला देश. पण त्या देशात पिकतं काय? शेंगा! नरेंद्र म्हणाले, तिथं पेरणीआधी बायका घोळक्यानं बसून बियाण्याच्या शेंगा हातानं फोडतात. हे ऐकून यांनी हातातला कप खाली ठेवला. पुढं काय झालं ते सांगत बसत नाही, एक मशीन नरेंद्रांच्या ओळखीनं तिकडे गेलं, बायकांनी फिरवून बघितलं, दोन दिवस ते परत द्यायलाच तयार नव्हत्या, आणि तिथला एक कारखानदार म्हणाला की मी अशी मशीनं बनवतो. फक्त त्याची एक अट. मशीनला एक नाव हवं आणि ते नाव सरकारात नोंदलेलं हवं, नाहीतर उद्या शेजारचा लोहार तसलंच काहीतरी ठोकून तेच नाव लावील. पेटंट तिथंही मिळण्यासारखं नव्हतं, पण नाव नोंदवता येत होतं. त्याला ट्रेड मार्क म्हणतात. मशीन कुणाचंही असो, नाव आपलं.

नाव काय ठेवायचं हे यांनी मला विचारलं नाही. मृणालिनीला विचारलं नाही. सकाळी खाली गेले तर मशीनवर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं. अक्का.

तिथले आमचे वकील म्हणजे श्री. जालो. या माणसाला मी पाहिलेलं नाही, पण इतका सभ्य वकील मी ऐकलेला नाही. त्यांचं पत्र आलं की पहिलं अर्धं पान ख्यालीखुशालीचं. आपण बरे आहात ना, आपल्या पत्नी बऱ्या आहेत ना, कन्या, शेजारीपाजारी, थंडी कशी आहे, रात्री झोप लागते ना. मग अर्ज. मृणालिनी ते सगळं सोडून एकदम अर्जावर जायची, मी तिला पहिल्यापासून वाचायला लावते. इतकी वर्षं अमेरिकेत काढली, एकाही इंग्रजी पत्रात माझ्या तब्येतीची चौकशी नव्हती. मी उत्तरात घालायला सांगितलं की तुमच्या आईचे डोळे कसे आहेत. (आधीच्या पत्रात त्यांनी ओझरतं लिहिलं होतं.) मृणालिनी म्हणते, "मॉम, यू डोन्ट आस्क अ लॉयर दॅट!" मी म्हटलं, टाइप कर. उत्तर आलं, ऑपरेशन झालं, आता स्वतः सुईत दोरा ओवतात. बघा.

एकदा मात्र जालो वकिलांनी यांना दुखावलं, त्यांचा दोष नव्हता. नोंदणीत प्रत्येक वस्तूचा वर्ग असतो. यांनी अर्जात लिहिलं, मशीन. जालोंनी विचारलं, हातानं फिरवायचं की विजेवर? हातानं असेल तर ते मशीनच्या वर्गात बसत नाही, हत्यारांच्या वर्गात बसतं, सुऱ्या, काटेचमचे आणि दाढीचे वस्तरे यांच्या शेजारी. यांनी दोन दिवस अर्जाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, पंपांच्या शेजारी बसून काय मिळालं? काट्याचमच्यांना निदान रोज कुणी हातात घेतं. तेव्हा सही केली.

आता चित्राचं. नुसतं नाव कुणीही लिहील, म्हणून नावाच्या वर एक चेहरा घालायचं ठरलं. तुमचा. तुमचा शेंगा फोडायच्या वयातला फोटो कुठून असणार, तेव्हा यांनी आठवून काढायला घेतला. पहिलं चित्र पट्टीनं आणि कंपासनं काढलं, ते पंपासारखं दिसत होतं. नाकाला मापं घातली होती. मी तसं म्हटलं. हे चिडले, पट्टी फेकली, आणि नुसत्या हातानं काढायला बसले. चार-पाच दिवस लागले. मग वर येऊन माझ्यापुढं कागद ठेवला. दोन वेण्या, एक वर एक खाली बांधलेली, एक भुवई जरा चढलेली, आणि अजून का झोपला नाहीस रे अशी बघणारी मुलगी. मी तुम्हाला त्या वयात पाहिलेलं नाही अक्का, पण मी ओळखलं. पोळ्या करत होते. तवा तसाच राहिला आणि पोळी जळली.

या पुढचं जे घडलं त्याचा दोष सगळे माझ्यावर ढकलतात. अर्ज पाठवायच्या दिवशी पाकीट ओट्यावर ठेवून हे गाडी गरम करायला बाहेर गेले. आता सांगा, घरातून एवढं महत्त्वाचं कागदपत्र निघालंय, समुद्रापलीकडे जाणार, आणि त्याला हळदकुंकवाचं बोट नाही? लग्नाच्या पत्रिकेला लावतो, नव्या चोपडीला लावतो, फ्रीजला लावलं होतं. मी पाकीट उघडलं आणि चित्राच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. चित्राच्या बऱ्याच प्रती होत्या. एकीला लावायचं आणि बाकीच्यांना नाही असं कसं करायचं? सगळ्यांना लावलं, नीट, एका जागी. माझा हात सरळ आहे. आणि लावता लावता लक्षात आलं की मुलीचं कपाळ मोकळं आहे. तिथंही कुंकू लावलं.

तुम्ही म्हणाल, सुमित्रे, मी आता लावत नाही, आणि तू माझ्या चित्राला लावतेस? लावलं. ती तेरा वर्षांची पोर आहे. तिचं अजून लग्न व्हायचंय. तिचं कपाळ मोकळं सोडणारी मी कोण?

पुढच्या महिन्यात जालोंचं पत्र आलं. आधी सगळ्यांची खुशाली, मग असं, की सरकारी कार्यालयानं विनयानं विचारलं आहे, प्रत्येक प्रतीवर चारही कोपऱ्यांत एक पिवळा आणि एक लाल असे ठिपके दिसतात, तसंच मुलीच्या कपाळावर एक लाल ठिपका दिसतो. सगळ्या प्रतींवर ते एकाच जागी असल्यामुळे मुद्दाम काढले असावेत. तरी हे ठिपके मार्काचा भाग समजायचे काय, आणि असल्यास अर्जदाराला या रंगांवर हक्क सांगायचा आहे काय?

मृणालिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. हे माझ्याकडे वळले.

"तू लावलंस?"

"मग काय पोस्टमननं लावलं?"

"सगळ्या प्रतींना?"

"भेदभाव कशाला करायचा?"

अक्का, तुमचा भाऊ हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग खुर्चीचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हळदीवर हक्क सांगायचाय का म्हणे, हळदीवर, असं म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मृणालिनी घाबरून, "डॅड? डॅड, आर यू ओके?" करत पाणी घेऊन आली. नोकरी गेल्यापासून आमच्या घरात हा आवाज नव्हता. मी चिडल्यासारखं केलं आणि स्वैपाकघरात गेले, कारण मला नाक पुसायचं होतं. संध्याकाळी यांनी दाढी केली. उत्तर लिहून पाठवलं, कोपऱ्यांतले ठिपके मार्काचा भाग नाहीत, ते माझ्या पत्नीचे आहेत. कपाळावरचा राहू द्या.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला पत्र लिहिलंच नसतं. पण दिवाळीआधी पुढचं पत्र आलं. कार्यालयाला कपाळावरचा ठिपका मान्य आहे. आता एकच राहिलं. ही मुलगी कोण? ती कुणी जिवंत व्यक्ती असल्यास तिचा चेहरा आणि नाव वापरायला तिची लेखी संमती पाठवावी. जानेवारीअखेर मुदत. नाही आली तर अर्ज सोडून दिला असं धरतील, आणि मग तो कारखानदारही मशीन करणार नाही.

हे वाचून यांनी सगळे कागद गोळा केले, खाली नेले, खणात ठेवले. मी विचारलं, अक्कांना कधी पाठवताय? म्हणाले, नाही पाठवत. का? काय तोंडानं पाठवू. एवढं बोलून वर्तमानपत्र उघडलं. उलटं धरलं होतं.

अक्का, मला गोडगोड लिहिता येत नाही. भावोजी गेले तेव्हा हे आले नाहीत. तुम्ही दारात बसून वाट बघितलीत आणि आली ती तार. मी यांची बाजू घेत नाही. तेव्हा व्हिसाचं होतं, गेलं तर परत येता येईल का नाही कळत नव्हतं, हे सगळं खरं, पण यायला हवं होतं. तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. त्यानंतर सात वर्षं तुम्ही यांना एक ओळ लिहिली नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवता तो मृणालिनीच्या नावानं, आणि पाकिटावर मार्फत म्हणून माझं नाव घालता. आम्ही तुमच्या भावाच्या घरात राहतो, पण पोस्टाच्या हिशेबानं तो तिथं राहतच नाही. तिळगूळ मात्र तोच खातो हो. डबा मी वरच्या फळीवर ठेवते, आणि तो संपतो.

परवा इथल्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची भाऊबीज झाली. इकडे वेळ वाचवण्यासाठी सगळे पुरुष एका रांगेत बसवतात आणि सगळ्या बायका ओवाळत पुढं जातात, कारखान्यात पट्ट्यावरून माल जातो तसं. मी यांना चला म्हटलं. हे म्हणाले, खाली काम आहे. मी परत आले तेव्हा खाली दिवा होता. मशीन पुसत होते. ते आधीच पुसलेलं होतं.

असं आहे सगळं. मी काही मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही, मला कुणाकडे काही मागायची सवय नाही. तुमच्या नावाचा आफ्रिकेत अर्ज पडलाय, तर तुम्हाला माहीत असावं म्हणून कळवलं. गुडघ्यांना तेल लावा. म्हशीला मिठाचा खडा द्या. मृणालिनीचा नमस्कार (ती हाय म्हणाली, मी नमस्कार लिहिला).

तुमची
सुमित्रा

ता. क. सोबत एक इंग्रजी कागद आहे. त्यावर फुली केली आहे तिथं सही करा आणि परत पाठवा. मृणालिनीनं जालो वकिलांना विचारून टाइप केलाय. मराठीत सही चालते, नाव पूर्ण लिहा, लांबलचक लफ्फेदार करायला जाऊ नका. तुमच्या सहीवाचून सगळं अडलंय, दुसरा मार्ग नाही. डिसेंबरात पोस्ट सावकाश चालतं, तेव्हा लगेच.

ता. क. २. हे पत्र लिहिल्याचं यांना ठाऊक नाही. तरी उत्तर माझ्या नावानं पाठवू नका. यांच्या नावानं पाठवा. पाकिटावर नाव नीट मोठं लिहा. टपाल हेच आणतात.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. दुसरा मार्ग नाही हे मी खोटं लिहिलं. आहे. जालोंनी त्याच पत्रात कळवलं होतं की चित्र कुणा खऱ्या व्यक्तीचं नाही, मनानं काढलेलं आहे, असं अर्जदारानं एका ओळीत सही करून दिलं तरी काम होईल, कुणाची संमती लागणार नाही. नरेंद्र म्हणाले, सोपं आहे, देऊन टाका, तिकडे कोण तपासायला येतंय. मृणालिनीनं ती ओळ टाइपही करून दिली. हे पेन उघडून बसले. मी चहा ठेवला, तो झाला, गाळला, निवला, तरी बसलेलेच. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, ती कुणी नाही असं कसं लिहू?

तेव्हा सही करायची नसेल तर करू नका. मशीन राहू दे, नाव राहू दे. पण यांना एक पत्र टाका. शिव्या घालायच्या असतील तर त्या घाला, चार पानं घाला. फक्त तुमच्या हातानं लिहा.